कडं दिव्याभोवती होतं, स्क्रीनमध्ये नव्हतं

"मॅडम, डोळ्याचं काही नाही. स्क्रीनची सवय व्हायची आहे, असं ऑफिसचे सर म्हणाले. फक्त डोकेदुखीची गोळी लिहून द्या."

माझ्या जरीपटका भागातल्या क्लिनिकमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या वैशाली गजभिये हे म्हणाली. वय चाळिशीच्या पुढे. उजवी भुवई तळहातानं दाबून धरलेली. सोबत नवरा. दोघं कन्हानहून आले होते. सीताबर्डीतल्या एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीत ती टॅबवर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायची.

मी नेत्रतज्ज्ञ आहे. डोळ्याचं काही नाही, हे मी ठरवायचं असतं. तिला विचारलं, "काय होतं नेमकं?"

"संध्याकाळी काम करताना भुवई ठणकते. धुरकट दिसते. लाइटाच्या भोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसून राहिलं. झोपून उठली की बरं वाटते."

"कधीपासून?"

"कागदासारखे टॅब आले तेव्हापासून."

हे कागदासारखे टॅब म्हणजे मॅट स्क्रीन. काच किंचित खरखरीत केलेली असते. त्यामुळे त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत नाही आणि पेननं लिहिताना कागदावर लिहिल्यासारखं वाटतं. चांगली सोय आहे. पण त्या खरखरीतपणामुळे पांढऱ्या पानावर कधीकधी बारीक रंगीत कण चमकतात. वैशालीनं कड्याची तक्रार केली तेव्हा तिच्या मॅनेजरनं हेच कारण दिलं होतं. डोळ्यांना आराम देणारा टॅब आहे, थोडे दिवस सहन करा. शिवाय आणखी आराम मिळावा म्हणून ऑफिसचे दिवेही मंद केले होते.

"हे कडं टॅबवर दिसतं, की बाहेरही?"

तिनं आठवून पाहिलं. "रस्त्यावरच्या लाइटालेही दिसते."

स्क्रीन ऑफिसात राहते. रस्त्यावर तिच्यासोबत फक्त तिचा डोळा येत होता.

तपासलं. उजव्या डोळ्यातला दाब असायला हवा त्याच्या दुपटीच्या आसपास. हा काचबिंदूचा एक प्रकार. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका कोपऱ्यातून बाहेर जातं. वैशालीचा तो कोपरा दोन्ही डोळ्यांत मुळातच चिंचोळा. मंद उजेडात बाहुली मोठी झाली की तो बुजायचा. पाणी अडायचं, दाब चढायचा, बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजायचा, म्हणून दिव्याभोवती कडं. झोपेत बाहुली लहान होते, मग दाब उतरायचा. ज्या मंद दिव्यांना ते आराम म्हणत होते, त्याच उजेडात तिचा डोळा रोज दाबला जात होता.

दाब उतरवायची औषधं लगेच दिली. नजर आजूबाजूला किती पोचते ते मशीनवर पाहिलं. उजव्या डोळ्याची नाकाकडची वरची बाजू गेली होती.

"परत येईल ना?" नवऱ्यानं विचारलं.

"गेलेली नजर येत नाही. उरलेली वाचवू."

तो बायकोकडे वळला. "काहून नाही सांगितलं वं मले?"

"सर म्हणाले ना नॉर्मल आहे म्हणून," ती म्हणाली आणि रडायला लागली. एका हातानं डोळे पुसताना तिचा दुसरा हात त्या ठणकत्या भुवईवरच होता. मला भयंकर संताप आला.

दाब उतरल्यावर दोन्ही डोळ्यांना लेझर केलं. म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं, पाण्याला दुसरी वाट मिळावी म्हणून. ती रजेवर असतानाच मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, आमच्या टॅबले आय-कम्फर्टचं सर्टिफिकेट आहे."

"ते टॅबचं आहे. वैशालीच्या डोळ्यांचं नाही."

"बरोबर. म्हणूनच म्हणतो, टॅबमुळे झालं नाही एवढं लिहून द्या. बाकीचा स्टाफ उगाच घाबरून राहिला."

"लिहिते. खरंच आहे ते. पुढची ओळही लिहिते, की टॅबच्या नावाखाली तिची तक्रार दाबली आणि मंद दिव्यात बसवल्यामुळे त्रास वाढला."

"ते कशाला मॅडम? आम्ही तर चांगल्यासाठीच केलं."

"साहेब, तिनं तुम्हाला लक्षण सांगितलं होतं. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"आता तुम्ही पर्सनल होऊन राहिल्या."

"नजर तिची गेली. ह्याहून पर्सनल काय असतं?" मी ओरडलेच. मी फोन ठेवला.

दोन्ही ओळींचं पत्र वैशालीच्या हातात दिलं. तिनं ते ऑफिसात दिलं. मला वाटलं होतं, तिलाच काढतील. तसं झालं नाही. कंपनीनं दिवे पूर्ववत केले आणि सगळ्या स्टाफची डोळेतपासणी करून घेतली. अर्थात दुसऱ्या डॉक्टरांकडून. मॅनेजर आहे तिथेच आहे. वैशालीला कुणी सॉरी म्हटलं नाही.

ती अजून तेच काम करते, त्याच टॅबवर. "हा बदलून मागू का?" तिनं मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. मॅट स्क्रीन चकाकी कमी करते. तेवढं काम ती नीट करते. डोळा दुखत असेल तर डोळा दाखवा. टॅब विकणाऱ्याला नाही आणि टॅब वाटणाऱ्याला तर मुळीच नाही.