दोघांचा हो

फिलिपिन्समधल्या गिंबालच्या किनाऱ्यावर ज्या बाईचा नवरा जहाजावर, तिला डॉलरचा भाव शिकवावा लागत नाही. सकाळी पाव आणायला निघालेल्या बाया ‘जेवलीस का’च्या आधी ‘आज कितीवर गेला?’ विचारतात. डॉलर चढला की बाजारात डुकराचं मटण खपतं, उतरला की सुकी मासळी. अशा गावात आर्लिनने चलनाचं ट्रेडिंग शिकायला घेतलं यात नवल ते काय! नवल वेगळंच होतं. बाईला ते एकटीने शिकायचं नव्हतं.

शिकवणारे तेम्योदादा म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनियर. ओसरीवर लॅपटॉप मांडून बसायचे, समोर पाच-सहा खलाशांच्या बायका. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला सुनावलं, "पोरी, सुकाणू एकाच्याच हातात हवं. नवऱ्याला कशाला मध्ये घेतेस? तो तिकडे कढया घासतोय."

सगळ्या हसल्या. तिचा नवरा रेनांते जहाजावर आचारी होता, त्यामुळे कढयांचं काही खोटं नव्हतं. पण आर्लिन ऐकेल तर शपथ! लग्न झाल्यापासून प्रत्येक गोष्ट तिने एकटीने ठरवली होती. वादळात उडालेलं छप्पर, लेकीचा ताप, सासूची शवपेटी कुठल्या लाकडाची. रेनांते फोनवर आपला एकच, "तू म्हणशील तसं." विटली होती हो ती त्या वाक्याला! एक तरी काम जोडीने करावं, एवढीच तिची हौस. शिवाय बाजाराच्या तोंडाशी बॅचॉयचं दुकान टाकायचं होतं. गरम सूप, शेवया, वर कलेजी, आणि चव रेनांतेच्या हातची. मग कसलं जहाज आणि कसलं काय. दुकानाचे पैसे बहुतेक साठलेच होते, थोडी तूट होती ती ट्रेडिंगने भरायची.

म्हणून तिने नियम घातला. खातं दोघांच्याही फोनवर, पण दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय सौद्याचं बटण दाबायचं नाही.

काय सांगू, ते महिने सोन्याचे गेले. आधी दोन मिनिटांत आटपणारे फोन आता लांबायला लागले. आलेख बघत दोघं कचाकचा भांडायची. "कांदा तेलातून कधी काढायचा ते बरं कळतं तुला, डॉलर कधी काढायचा तेवढं कळत नाही," असं ती म्हणायची आणि तो तिकडे खो खो हसायचा. कमाई बेताचीच, पण नवरा मिळाला म्हणायचा. एकदाच त्याने तिला न विचारता बटण दाबलं. फायदा झाला, तरी ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

मग एका संध्याकाळी दोघांनाही वाटलं की येन आता घसरणार. नेहमीपेक्षा मोठी रक्कम, दुकानाचे साठलेले पैसेसुद्धा लावून येनच्या बदल्यात डॉलर घेतले. तोटा वाढला तर सौदा आपोआप मोडावा म्हणून एक मर्यादा घातलेली असते. ती सारखी मध्येच सौदा तोडते, काढून टाकू, असं रेनांते म्हणाला. आर्लिनही हो म्हणाली. सकाळी बघू म्हणून फोन ठेवला, आणि जहाज बंदरातून निघालं.

सकाळी येन उलटा चढायला लागला. तिने लिहिलं, ‘काढू का?’ संदेशापुढे एकच खूण उमटली. जहाजाचं इंटरनेट बंद पडलं होतं. कंपनीच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, जहाज ठीक आहे, सुरू होईल की. येन चढतच होता. तेम्योदादा ओरडले, "अगं दाब ना ते बटण!"

तिचं बोट पडद्यावर होतं. पण न विचारता दाबलं म्हणून त्याच्याशी आठवडाभर अबोला धरणारी तीच ना? आता कुठल्या तोंडाने दाबणार? आत्ता येईल, दुपारी येईल, असं करत ती बसून राहिली. भात करपला. दुसऱ्या दिवशी खात्यातले पैसे संपले तसा सौदा आपोआप बंद झाला आणि दुकानही त्यातच गेलं.

जहाज पुढच्या बंदराला लागलं तेव्हा त्याचे अडकलेले संदेश एकदम आले. पहिला त्याच संध्याकाळचा होता, फोन ठेवल्यावर तासाभरात लिहिलेला. ‘मला धाकधूक होतेय गं. काढून टाक सगळं. माझ्यासाठी थांबू नकोस.’

तिने तो पुन्हा पुन्हा वाचला.

मग फोन आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने लेकीची चौकशी केली, जेवलीस का विचारलं. ट्रेडिंग पुढे शिकायचं तर आता एकटीनेच शीक, तुला जमेल, म्हणाला.

"कंपनीवाले विचारतायत," तो म्हणाला, "उतरल्यावर लगेच दुसऱ्या जहाजावर जाशील का म्हणून. वर्षभराचं काम आहे. माझा हो आहे. तुझा?"

आर्लिनने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"हो," ती म्हणाली.