हात माझा, तोंड तिचं

"आज माझा गुरुवार हाय. मला शिवू नका."

सुपरवायझर बाई असं म्हणाल्या आणि त्यांनी हात सोडवून घेतला. माझा तसाच राहिला. पुढं केलेला.

कारखान्याच्या कँटीनमध्ये ट्रेनिंग चाललं होतं. टेबलं भिंतीला सारलेली. पुण्याहून एक सर आले होते. अर्ध्या लोकांच्या डोळ्यांवर त्यांनी पट्ट्या बांधल्या आणि मग जोड्या लावल्या. पट्टीवाल्याला हात धरून खुर्च्यांमधनं फिरवायचं. विश्वास ठेवायला शिकायचं होतं म्हणे. मला सुपरवायझर बाई आल्या. तीन खुर्च्या नीट ओलांडल्या. तेवढ्यात मागनं कुणीतरी म्हणालं, "हात कुणाचा हाय बघा तरी." हशा झाला. बाईंनी पट्टी वर केली. मला बघितलं. मग त्यांना मार्गशीर्षातला गुरुवार आठवला.

सर हसून म्हणाले, "नो प्रॉब्लेम. जोडी बदलू या. प्रत्येकाच्या भावनांचा आदर करायचा असतो."

माझ्या भावना कुणी विचारल्या नाहीत.

आम्ही बौद्ध. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. कुणी तोंडावर बोलायचं नाही. माझ्या डब्यातलं मात्र कुणी खायचं नाही.

ह्या बाईंना काम मी शिकवलेलं. नव्वद साल उलटल्यावर मी ह्या फाउंड्रीत लागले. हातकणंगल्याहून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं यायचे. लोखंडाच्या नगाला आत पोकळी ठेवायची तर ओतताना मधे वाळूचा गाभा बसवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. तेल घातलेली वाळू साच्यात ठोकायची, काढायची, भट्टीत भाजायची. हे बायकांचं काम. मी लागल्यावर चारेक वर्षांनी ह्या बाई आल्या. बारावी शिकलेल्या. मुठीत वाळू दाबून बघायला मी शिकवलं. भाजल्या बोटांना माझ्याकडचं मलम लावलं. त्या दिवशी गुरुवार नव्हता बहुतेक.

वर्षभरात त्या सुपरवायझर झाल्या. मी साच्यावरच.

तेव्हापासनं मी एक ठरवलं. शिकवायचं, पण सगळं नाही. वाकड्या कोअरला वारा जायला वाट ठेवावी लागते, नाहीतर नगात फुगे धरतात. सरळ कोअरला तार खुपसली की झालं. वाकड्यात तार वळत नाही. मी तेल लावलेला दोरा घालायचे, भाजून झाल्यावर ओढून काढायचे. ते करताना सगळ्यांकडं पाठ फिरवायचे. वाकडा कोअर माझ्याशिवाय कुणाला जमत नव्हता. म्हणून तर माझी नोकरी टिकली.

आणि आता हे ट्रेनिंग. जुन्या बायांनी नव्या बायांचं 'कोच' व्हायचं. सर सांगायचे, शिकवणाऱ्यानं कमी बोलायचं, विचारायचं, मग ऐकायचं. मनाची दारं उघडी ठेवायची. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, व्हय, आमची दारं उघडायची आणि तुम्ही आत शिरायचं. हातातलं काढून घ्यायची नवी तऱ्हा.

माझ्याकडं शिकायला शोभाला दिली. नेसरीची. मराठ्याची पोर, घरची शेती, नवरा कोल्हापुरात रिक्षा चालवायचा. पहिल्या दिवसापासनं मला अक्का म्हणायला लागली. मला ते खरं वाटलं नाही. ही पण शिकंल आणि डोक्यावर बसंल. तिला मी सरळ कोअरवरच ठेवली. दोन महिने.

एकदा सर फिरत फिरत आमच्या खात्यात आले. त्यांना दाखवायला म्हणून मी शोभाला विचारलं, "काय कळलं न्हाई ते सांग."

शोभा म्हणाली, "अक्का, तुम्ही पाठ का फिरवता, ते कळलं न्हाई."

सर निघून गेले. मी साचा पुसत बसले. पुसलेलाच परत पुसला.

माझं आणि सुपरवायझर बाईंचं एकच, असं मी म्हणणार नाही. त्यांनी हात सोडला तो जातीच्या माजानं. मी पाठ फिरवली ती भीतीनं. पण शोभाला त्याचं काय? तिनं माझं काय घेतलं होतं? आडनाव बघून मी तिला बाहेर ठेवली होती. हे मला कोणत्या सरांनी शिकवलं नाही. त्या पोरीच्या एका प्रश्नानं उघडं पाडलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला समोर बसवली. दोरा दाखवला. दोन कोअर निघाले, तिसऱ्यात दोरा वळणावर तुटला. असा अधनंमधनं तुटायचाच. शोभा म्हणाली, "आमच्याकडं वाकळ शिवताना दोऱ्याला मेण चोळत्यात. चोळून बघू का? भट्टीत वितळंल, दोरा सुटंल."

वाटलं, आली शिकवायला. तोंडात शब्द आलाच होता. गिळला. "बघ," म्हणाले.

दोरा सुळकन आला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो. त्या खात्यात मी किती वर्षांनी हसत होते कुणास ठाऊक.

महिन्याभरात वाकडे कोअर फुकट जायचे थांबले. वर बातमी गेली. बाहेरनं मोठे साहेब येणार, नवी पद्धत बघणार. मॅनेजर मला म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त करून दाखवा. समजावून मॅडम सांगतील. तुम्हाला बोलायला जमायचं न्हाई."

मॅडम म्हणजे सुपरवायझर बाई.

साहेब आले. गर्दी जमली. बाईंनी सुरुवात केली, "आम्ही ही पद्धत डेव्हलप केली..." मी हात बाजूला घेतले.

मॅनेजर पुटपुटले, "करा की बाई."

मी म्हणाले, "बोलतात त्यांनीच करून दाखवावं."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना दोरा कुठनं घालायचा तेही माहीत नव्हतं. मॅनेजर शोभाकडं वळले. "तू कर गं."

शोभानं साचा उचलला. झालं. माझा संशय खरा ठरला. नवी नोकरी, दोन लेकरं, ती तरी काय करणार?

वाळू हातात घेतली आणि मान वर न करता ती म्हणाली, "अक्का, तुम्ही बोला. मी करतो."

मी बोलले. दोरा माझा, मेण शोभाचं, दोन्ही सांगितलं. सुपरवायझर बाईंना काम कुणी शिकवलं, तेही सांगितलं. साहेबांनी मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात माझी बदली वाळू चाळायला झाली. शोभाला कामावरनं कमी केल्याची नोटीस मिळाली. उत्कृष्ट कोच म्हणून सर्टिफिकेट सुपरवायझर बाईंना. बोर्डावर त्यांचा फोटो.

चार महिन्यांनी वाकड्या कोअरची मोठी ऑर्डर आली, तेव्हा मला परत साच्यावर बोलावलं. माफी कुणी मागितली नाही. मी शोभाला परत मागून घेतली. ती असंल तरच साच्याला हात लावीन, म्हणाले. दिली.

आता नव्या बाया येतात. कुठल्याही जातीच्या. मी सगळं दाखवते, समोर बसवून. त्यांचं ऐकते, त्यांचं बरोबर असलं तर माझं सोडते. लपवायचं आता काही ठेवलेलं नाही. पण पहिल्याच दिवशी सांगते, काम शिकून वर गेलीस तर जा. कुणी विचारलं, कुठं शिकलीस, तर माझं नाव घ्यायचं. चारचौघांत, मोठ्यानं. तू नाही घेतलंस, तर मी तिथं येऊन सांगीन. मग वरच्यांनी माझी कितीदा बदली करायची ती करावी.