कुरडयांचा फोटो

गच्चीवर कुरडया उलटवणाऱ्या आईचा मी मोबाईलवर फोटो काढला, तोही रॉ, म्हणजे फोनने काहीही न सुधारता दिलेला, अशी माझी समजूत. उघडून पाहिला तर फोनने आधीच सगळ्याला धार काढून ठेवलेली. केसांभोवती पांढरी कड, कपाळावरची प्रत्येक सुरकुती सुरीने ओढल्यासारखी. मी दचकलो. बऱ्याच महिन्यांनी घरी आलं की पहिल्या दिवशी माझी नजरही असंच करते. आईचा चेहरा सोडून तिचं वय तेवढं टिपते. चार दिवस राहिलं की ते वय पुन्हा चेहऱ्यात मिसळून जातं.

ते चार दिवस मी बोटाने फोटोत आणू पाहिले. शार्पनेस पार खाली नेला. कडा विरल्या, आई पूर्वीसारखी दिसू लागली. तिला दाखवला, तर तिने स्वतःकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अरे, कुरडयांचा लगदा केलास की. तारा कुठे गेल्या? मावशीला पाठवायचाय मला."

मी शार्पनेस परत वाढवला. कुरडईची एकेक तार सुटी झाली आणि तिच्याबरोबर एकेक सुरकुतीही.

"हां, आता कसं," आई म्हणाली.