चाचीची कोरांटी

एकोणीसशे पन्नासच्या दशकात लग्न होऊन मी चामोर्शीला आले. नवरा शाळामास्तर. घरापुढे भिंतीलगत मुरमाचा लांबट पट्टा होता, दिवसभर उन्हात तापणारा. माहेरी परसात विहीर होती, मोगरा-शेवंतीला पाणी कमी पडलं नव्हतं. इथे विहीर गल्लीच्या टोकाला. तरी मी माहेराहून शेवंतीची रोपं आणली, रोज डोक्यावरून घागरी वाहिल्या. चैत्रात सगळी करपली. मी ओट्यावर बसून रडले. ते रडू शेवंतीचं कमी आणि आईचं जास्त होतं.

शेजारी एक दर्जी राहत. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली चाची म्हणे. ती कुंपणाशी आली.

"काऊन रडून राह्यली, बेटी?"

मी वाळलेली रोपं दाखवली.

"हे पाण्यातलं झाड हाय. ह्या मुरमात नाई जगत. पाऊस पडू दे, मी देतो तुले."

आषाढात तिने पिवळ्या कोरांटीच्या फांद्या आणल्या, सदाफुलीची रोपं आणली, गुलबक्षीचे काळे कंद आणले. स्वतः मातीत बसून लावले. मी लगेच घागर उचलली, तर तिने हात धरला. "आता नको. रोज पाजशील तर मुळं वरच राह्यतील. तहान लागली की ते खाली जातात." हिवाळ्यात कोरांटी पिवळीधमक फुलली. पुढच्या वैशाखात, गल्लीत हिरवं पान दिसत नव्हतं तेव्हा, माझ्या भिंतीशी गुलाबी-पांढरी सदाफुली डोलत होती. येणारेजाणारे थांबून बघत. मी पहिल्यांदा त्या घराला माझं घर म्हटलं.

चाचीची मुलगी नागपूरला दिलेली होती. चाचीला लिहिता-वाचता येत नव्हतं, दर्जीचाचांनाही नाही. म्हणून दुपारी ती माझ्याकडे यायची. ती सांगायची, मी लिहायची. मुलीचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायची. एकदा मुलीने लिहिलं, अम्मा, तुझी फार आठवण येते. माझा आवाज अडखळला. चाची म्हणाली, "वाच ना, काऊन थांबली?" आणि मग आम्ही दोघी रडलो, ती मुलीसाठी, मी आईसाठी.

चार वर्षांनी नवऱ्याची बल्लारपूरला बदली झाली. निघताना चाचीने मला जवळ घेतलं. "चिठ्ठी लिहजो, बेटी."

नव्या घरात सामान लावल्यावर मी पत्र लिहायला बसले, आणि पेन हातातच राहिलं. चाचीची पत्रं वाचून दाखवणारी मीच होते. आता हे कोण वाचणार? पोस्टमन, नाहीतर दर्जीचाचांचं एखादं गिऱ्हाईक. त्याच्या तोंडून तिला काय ऐकवू? तुझ्यावाचून दुपार जात नाही, हे परक्या माणसाच्या आवाजात कसं पोचेल? शेवटी खुशाली लिहिली. आम्ही ठीक आहोत, तुमची तब्येत जपा.

तिचंही उत्तर आलं, कुणाच्या तरी नेटक्या अक्षरात. आम्ही ठीक आहोत, तुमची तब्येत जपा. अशी पाच-सहा पत्रं गेली-आली. पुढे चाची-चाचा दोघं मुलीकडे राहायला गेल्याचं कळलं. तिथे मुलगी वाचून दाखवील, म्हणून मी नागपूरच्या पत्त्यावर मोठं पत्र लिहिलं, मनातलं सगळं. त्याचं उत्तर आलं नाही. पोचलं की नाही, तेही कळलं नाही. एवढं मात्र खरं, की लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं होतं, चाचीला वाचून दाखवायची तसं, सावकाश.