धुतलेला गाऊन

मी तेव्हा तरुण होते. एकसष्ट वर्षांची. आता सहासष्टाव्या वर्षी त्या बाईकडे वळून पाहिलं की तिच्या शहाणपणाचं हसू येतं, आणि हसून झालं की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

त्या आठवड्यात मी मुलुंडहून बोरिवलीला लेकीकडे राहायला गेले होते. नात नऊ महिन्यांची. लेकीची सहा महिन्यांची पगारी रजा संपली होती, वर तीन महिने बिनपगारी काढून झाले होते, आणि ऑफिसने सोमवार ठरवून दिला होता. हजर व्हा, नाहीतर राहू द्या. जावई पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवारपुरते घरी. त्यांची आई लग्नाआधीच गेलेली. म्हणजे उरले मी.

लेकीच्या लग्नात मी मांडवभर सांगत फिरले होते, "पोर होऊ दे, मी सांभाळते की." तेव्हा आमचे हे धडधाकट होते. पुढे त्यांना कंपवाताने धरलं. आता त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, बाथरूमपर्यंत धरून न्यायचं. नातीला मुलुंडला आणून ठेवायचा विचारही करून पाहिला. एकीकडे ही रांगणार, दुसरीकडे हे तोल जाऊन पडणार, आणि दोघांनी एकाच वेळी ठरवलं तर मी कुणाला धरायचं? घरी बाई ठेवून पाहिली. पहिली चार दिवसांत गावी गेली ती गेलीच. दुसरी बाळाला मोबाइल दाखवून गप्प बसवायची. तेव्हा राहिलं पाळणाघर. पाच-सहा दिवसांसाठी माझी धाकटी बहीण यांच्यापाशी मुलुंडला येऊन राहिली, आणि आल्या आल्या तिने बजावलं, "शनिवारी संध्याकाळी मी निघणार हं ताई, मग तुझं तू बघ."

पाळणाघर लेकीच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. चालवणाऱ्या ताई चाळिशीच्या, आवाज हळू, नजर कडक. त्यांनी फी सांगितली तेव्हा मी विचारलं, "ही वर्षाची ना?"

त्या हसल्या नाहीत. लेकीने मला कोपर मारलं.

महिन्याची होती. लेकीच्या पगाराचा तिसरा हिस्सा. डिपॉझिट वेगळं, जेवणाचे वेगळे, संध्याकाळी सातनंतर दर पंधरा मिनिटांचे वेगळे. आणि एवढं सगळं मोजायची तयारी असूनही जागा पक्की नव्हती. ताई म्हणाल्या, "पहिला आठवडा बघायचा. आजींनी बाहेरच्या खोलीत बसायचं, बाळाला दिसायचं नाही. तिने आमच्या हातून खायला हवं. शनिवारपर्यंत खाल्लं नाही तर मला ठेवता येणार नाही. उपाशी लेकराची जबाबदारी मी घेत नाही. माझ्याकडे यादीत सात मुलं थांबलीत."

मग मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजी, तिच्या आईचा एक गाऊन आणून द्या. अंगातून काढलेला, न धुतलेला. वास लागतो त्यांना आईचा."

मी मान डोलावली. घरी आले, लेकीने रात्रभर वापरून बादलीवर टाकलेला गाऊन उचलला आणि बघत बसले. खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग, पोटावर हळदीचा, काखेत उसवलेला, वरचं बटण गायब. म्हटलं, असला गाऊन लोकांच्या घरी द्यायचा? त्या बाई चारचौघींत काय म्हणतील, पोरीला आईने काही वळण लावलेलं दिसत नाही. आणि त्या पोरीची आई कोण, तर मी. मी तो साबणात भिजवला, घासला, पिळला, वर ते वासाचं पाणी ओतलं. काख शिवली, बटण लावलं. वाळल्यावर इस्त्री फिरवली आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीत घडी घालून दिला. लेकीला सांगितलं, "दिला गं."

ताईंनी तो नातीच्या गादीवर अंथरला. सोमवारी ती दोन तास रडली. मंगळवारी जेवणापर्यंत रडली. मी बाहेरच्या खोलीत, चपलांच्या रॅकशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. दारातून काही दिसत नसे, ऐकू सगळं येई. पहिला तास रागाचं रडणं असे, ते मला सोसायचं. मग आवाज बसे आणि नुसते हुंदके येत, मोठ्या माणसासारखे. आत ताई सांगत असत, "बघ बघ, चिऊ बघ," आणि चमचा वाटीला लागल्याचा आवाज येई. ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. खिमट, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, सगळं परत. बाटलीतलं दूधही जिभेने ढकलून द्यायची. मी घरी नेऊन भरवलं तरी चार चमचे, तेही पेंगत. आई आल्याशिवाय अन्न नाही, असं त्या एवढ्याशा जिवाने ठरवूनच टाकलं होतं.

आणि हे सगळं लेक अंधेरीच्या ऑफिसात बसून बघत होती. पाळणाघरात कॅमेरा होता, तो फोनवर दिसायचा. आईबापांना धीर यावा म्हणून ही सोय. बुधवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज घुमत होता. मी विचारलं, "कुठे आहेस?"

"बाथरूममध्ये. आई, तिचा रंग बघ ना, निळसर दिसतोय का गं?"

"कॅमेऱ्याचा रंग तो. फोन ठेव, कामाला जा."

"दहा मिनिटांत मीटिंग आहे. मला काहीच वाचता येत नाहीये."

बुधवारी नातीने दिवसभरात काहीच घेतलं नाही. ओठ कोरडे पडले. गुरुवारी दुपारी ताई बाहेर आल्या, हातात तो गाऊन. माझ्यासमोर त्यांनी तो नाकाशी नेला.

"आजी, हा धुतलाय का?"

मी म्हणाले, "छे हो."

कुठल्याही खटल्यात मला साक्षीदार म्हणून बोलवा. इस्त्रीची घडी अजून त्यावर उमटलेली होती, आणि मी "छे हो" म्हणाले, तेही किंचित दुखावल्या आवाजात. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग घडीकडे पाहिलं. "उद्याचा आणि परवाचा दिवस आहे," एवढंच बोलल्या.

त्या संध्याकाळी लेक सव्वासातला घरी आली. पायातले बूट न काढता नातीला पाजायला बसली. तिच्या मांडीवर ती अधाशासारखी प्यायली आणि पितापिताच झोपली. मग लेकीने एका हाताने लॅपटॉप ओढला आणि म्हणाली, "राजीनामा लिहून ठेवलाय. जेवणाच्या सुट्टीतच लिहिला. आता पाठवते."

"शनिवारपर्यंत थांब."

"कशाला? ती अजून दोन दिवस उपाशी राहावी म्हणून?"

"घराचा हप्ता आहे. बाबांच्या औषधांचे तूच देतेस."

"मला माहीत नाही का ते?" ती म्हणाली. "पण तू नव्हतीस सोडली? तूसुद्धा मला पाळणाघरातून काढून घरी बसलीसच ना. तू करू शकलीस, मग मी कोण लागून गेले."

आता हे सांगायला हवं. सत्ताविसाव्या वर्षी मी फोर्टमधल्या एका विमा कचेरीत कायम नोकरीला होते. लेक दहा महिन्यांची असताना मी राजीनामा दिला. तेव्हापासून "पोरीचे हाल बघवले नाहीत, सोन्यासारखी नोकरी सोडली" हे वाक्य मी प्रत्येक हळदीकुंकवाला वाणासारखं वाटलं. लेकीला बारावीला मार्क कमी पडले तेव्हा ऐकवलं. तिने एक स्थळ नाकारलं तेव्हा ऐकवलं. चौतीस वर्षं वापरून त्या वाक्याला इतकी झळाळी आली होती की माझाही त्यावर विश्वास बसला होता.

तिचं बोट पाठवायच्या बटणापाशी होतं. मी म्हणाले, "ते तसं नव्हतं."

"काय तसं नव्हतं?"

"तू पाच दिवस रडलीस. मी नोकरी सोडली नाही. सहाव्या दिवशी न्यायला आले तर तू त्या पाळणाघरवाल्या बाईंच्या कडेवर बसून बिस्किट खात होतीस. हसत होतीस. मी हात पुढे केले तर तू त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलंस. पुढच्या सोमवारी मी राजीनामा दिला."

नातीच्या तोंडातून दूध ओघळलं, ते लेकीने बोटाने पुसलं.

"म्हणजे मला तिथे बरं वाटत होतं."

"हो."

"मी रडायची थांबले म्हणून तू नोकरी सोडलीस."

"हो. आणि दोन महिन्यांत मला पस्तावा झाला. रोज दुपारी, भांडी झाल्यावर. तू मोठी होईस्तोवर झाला. तू सोडू नकोस."

त्या सत्तावीस वर्षांच्या मुलीबद्दल मला आता दयासुद्धा येत नाही. तिला कुणी विचारलं असतं की बाई गं, तुझं मूल हसतंय तर तुझं काय जातंय, तर तिने डोळ्यांत पाणी आणून आईच्या मायेवर भाषण दिलं असतं. चांगलं बोलायची ती.

लेकीने मान वर केली. "आणि गाऊन? ताईंचा मला फोन आला होता. तोही मुद्दाम धुतलास?"

मी म्हणाले, "नाही गं. लाजेने धुतला. डाग होते." हे खरं आहे. म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. पण तिने विचारेपर्यंत मी स्वतःला तो प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारल्यापासून त्याचं उत्तर मला ठामपणे देता आलेलं नाही.

तिने लॅपटॉप मिटला. त्यानंतर रविवारपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाणी तापलंय. किल्ली टेबलावर आहे. शुक्रवारी सकाळी टेबलावर किल्लीशेजारी अंगातून काढलेला गाऊन एका प्लास्टिकच्या पिशवीत होता. पिशवीला गाठ अशी मारलेली की ताईंना ती कात्रीने कापावी लागली.

त्या दिवशी नात अकरापर्यंत रडली. मग आवाज थांबला. पंधरा मिनिटं मी त्या खुर्चीवर बसून होते, मनात येऊ नये ते सगळं येत होतं. ताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झोपलीय." उठल्यावर तिने चार चमचे खिमट घेतलं, पाचवा ताईंच्या अंगावर थुंकली. शनिवारी पुन्हा चार. ताई म्हणाल्या, "सोमवारी आणा. अजून आठवडाभर बघते. वचन देत नाही." डिपॉझिटची पावती मात्र लगेच फाडली.

शनिवारी संध्याकाळी बहीण मुलुंडहून निघून गेली. तिच्या जागी शेजारणीला रात्रीपुरतं यांच्याजवळ बसवलं आणि मी रविवारी सकाळी परतले. निघताना जावयांनी रिक्षा आणली, पिशव्या ठेवल्या. लेक गॅलरीत नातीला कडेवर घेऊन उभी होती. मी हात हलवला. नातीने हलवला. तिचा हात लेकीने धरून हलवला होता की तिने आपण होऊन, हे खालून कळलं नाही.

पुढे तीन महिने लेकीचा फोन आला नाही. बाबांच्या औषधांचे पैसे महिन्याच्या एक तारखेला यायचे. मी पाळणाघरात फोन करून विचारू शकत होते, पण ताईंशी बोलायचं तोंड माझ्यापाशी नव्हतं. यांना भरवताना चमचा त्यांच्या ओठांशी नेऊन मी थांबायचे, आणि हे थरथरत्या हाताने माझं मनगट पुढे ढकलायचे.

पण मी परतल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला फोनवर एक मेसेज आला होता. लेकीचा. त्यात दोनच शब्द होते: सहा चमचे. मंगळवारी: तीन, उलटी. बुधवारी: काहीच नाही. त्या दुपारी मीही जेवले नाही. गुरुवारी: सात. असं रोज, एकच्या सुमाराला. मी उत्तर काही लिहीत नसे. एकदा बरंच मोठं लिहिलं होतं. वाचून पाहिलं तर त्यात नातीबद्दल एक ओळ होती आणि बाकी सगळी मीच. ते पुसलं, आणि यांच्या जेवणाचं ताट वाढायला उठले.