नळाचा नंबर

नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत लग्नघराची धांदल उडते. "आलं गं, आलं!" अशी आरोळी ऐकू आली की मी पोळी तव्यावर टाकून पळते. जळाली तर जळू दे! लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. गल्लीला एकच सार्वजनिक नळ, पाणी आठवड्यातून एकदा, तेही त्याला लहर येईल तेव्हा. कायदा एकच, जिची घागर आधी तिचा नंबर आधी. आणि या कायद्याच्या न्यायाधीश आमच्या सासूबाई.

गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत काबूलचं एक जोडपं लेकराला घेऊन राहायला आलं. नवरा इकडे शिकायला आलेला. मागं देशात सगळं उलटंपालटं झालं आणि परतायची वाटच बंद झाली. दिल्लीला आसरा मागितलाय, उत्तर अजून यायचंय. आमची रीत बघून त्या बाईनंही रांगेत घागर ठेवली. सासूबाईंनी ती उचलून कडेला केली. "कागद आल्यावर नंबर. तवर सगळ्यांचं झालं की भर म्हणावं."

सगळ्यांचं होईस्तोवर नळ नुसता फुसफुसायचा. लेकराला अंघोळ नाही, धुणं तसंच पडलेलं. माझ्या तर डोक्यात तिडीक जायची. शेवटी मी घरोघरी फिरले आणि प्रत्येकीनं तिला एकेक घागर द्यायची असं ठरवून टाकलं. लई खूश होते मी स्वतःवर! पुढच्या खेपेला पाणी आलं तशी पहिली भरलेली घागर कमरेवर घेऊन तिच्या दारात गेले. ती दारातच उभी राहिली.

"दीदी, पानी मत दो. नंबर दो."

अशी चिडले मी! एवढं जड ओझं आणलं आणि हिचा तोरा बघा! पण घागर तशीच परत आणताना तेच शब्द डोक्यात घुमत राहिले, आणि घरी पोचेस्तोवर माझा सगळा राग सासूबाईंवर फिरला.

"आत्याबाई, तुमच्या घागरीचा कुठला कागद हाय हो?"

त्या उठून आत गेल्या. रात्री जेवल्याही नाहीत.

पुन्हा पाणी आलं तेव्हा तिची घागर रांगेत होती आणि कुणी ती हलवली नव्हती. तिचा नंबर आला, तेवढ्यात सासूबाईंनी सवयीनं आपली घागर पुढं सारली. तिनं ती अलगद उचलून मागं ठेवली.

"अम्मा, माझा नंबर हाय."

अगं बाई! मला तर शिट्टी मारावीशी वाटली! सासूबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पदर खोचला आणि तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"मग भर की लवकर! किती येळ लावतीस?"