चिलीम बोलत न्हाई

चिलीम हातात आली की आबा आधी तिच्या पोटात डोकावायचे, मग ती कानाशी धरून नखाने टिचकी मारायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूचे माना पुढे करून बघायचे. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणायचे, "बरी हाय. पर बोलत न्हाई." आणि चिलीम पुन्हा माझ्या पाटीत.

अशी पारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी बैलाचे दात बघतो, कुणी घोंगडीची लोकर बोटांत चोळून बघतो. यांचा अधिकार चिलमीवर होता. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला वस्ती करून राहणारे हे धनगर, दर बाजाराला खाली उतरायचे. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणायचो. त्यांनी नावं ठेवलेली चिलीम डोंगरातला माणूस सहसा घेत नसे.

मी विंझरचा कुंभार. रांजण आणि डेरे ही आमच्या घरची कामं. गाडीवरून पडून माझा उजवा कोपर मोडला, तो वाकडाच बसला आणि चाकावर मोठं भांडं ओढणं संपलं. लहान कामापुरताच हात उरला. म्हणून तिशी उलटल्यावर मी चिलीम करायला शिकू लागलो. घरात पूर्वी कुणी ती केलेली नव्हती, त्यामुळे शिकवणारंही कुणी नव्हतं. चिलमी खपल्या तर चाक फिरणार, नाहीतर दुसऱ्याच्या रानात मजुरी, हे मला आणि बायकोला न बोलता ठाऊक होतं.

पहिली पाटी घेऊन बसलो त्या दिवशी आबांनी एक चिलीम उचलली, तळहातावर जोखली आणि विचारलं, "हिनं वडायचं का कुटायचं?"

लोक हसले. मी घरी जाऊन भिंत पातळ केली. पुढच्या बाजाराला म्हणाले, "आता हात पोळतोय." मग जाडी मध्यावर आणली, तर म्हणाले, "धूर मधीच अडतोय, भोक वाकडं हाय." ओल्या मातीत सरळ काडी धरून भोक पाडायला मी शिकलो, तेव्हा त्यांना बुडाला खोट सापडली. "हितं निमुळती पायजे. फडकं गुंडाळलं की मुठीत बसली पायजे."

कसं करायचं ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही. कुठं चुकलं तेवढंच सांगायचे. परतीच्या वाटेवर मी त्यांना मनसोक्त शिव्या घालायचो आणि दुसऱ्या दिवशी चाकावर बसून नेमकं ते म्हणाले तेच करायचो.

दीड वर्षात बाकीच्या खोटी संपल्या. एकच राहिली, बोलत नाही. नीट भाजलेलं भांडं टिचकीला खणखणतं, आम्ही कुंभार त्यावरूनच भाजणी ओळखतो, त्यामुळे त्यांना काय हवंय ते मला कळत होतं. मी ओढ्याची माती सोडून तळ्याची आणली. दोनदा फडक्यातून गाळली. चिलमी सावलीत वाळवल्या, भट्टीत अगदी मधल्या जाळात रचल्या. त्या अशा वाजू लागल्या की बायको म्हणाली, "आता देवळातच टांगा ह्या."

बाजारात आबांनी चिलीम कानाशी धरली, टिचकी मारली, डोळे मिटले. "बरी हाय. पर बोलत न्हाई."

शेजारी दोरखंड विकायला बसणारा म्हातारा न राहवून म्हणाला, "अवो आबा, मला हितवर ऐकू आली की!"

आबा त्याच्याकडे पाहून नुसते हसले. मला वाटलं, यांचा कान आपल्या फार पुढचा आहे. आपल्याला पुरेसा वाटतो तो आवाज यांना कच्चा लागतो. त्या कानाच्या मागे मी चार वर्षं धावलो. गिऱ्हाईक माझ्याकडे येत होतं, पण हात आखडून. "आबांनी कुठं पसंत केलीया?" असं म्हणत घासाघीस करत होतं. आबांच्या तोंडून एकदा "बोलली" ऐकायचं, एवढंच माझ्या डोक्यात भरलं होतं.

एका बाजारात ते माझ्या पाटीपुढे वाटेतच उभे होते. मागून लाकडांनी भरलेली गाडी उतारावरून आली. गाडीवान "बाजू, बाजू" ओरडतोय, बैलांची घुंगरं वाजतायत, लोक पळतायत, आणि हे शांतपणे चिलमीच्या पोटात बघतायत. मी घोंगडीला धरून त्यांना ओढलं. चाक हातभर अंतरावरून गेलं.

"ध्यान चिलमीत हुतं," ते म्हणाले.

"व्हय आबा," मी म्हणालो. पण मला कळायचं ते कळलं होतं. बोलताना ते कायम समोरच्याच्या तोंडाकडे का बघतात, दोरखंडवाल्याच्या बोलण्यावर नुसते का हसले, सगळं एका दमात उलगडलं. मी ज्याला तिखट कान समजत होतो तो बहिरा होता.

मला राग यायला हवा होता. आला नाही. डोंगरात धुकं उतरलं की मेंढका डोळ्यांनी नाही, कानांनी कळप राखतो. पुढच्या मेंढीची घंटा, कुत्र्याचं भुंकणं. ऐकू येत नाही हे घरी कळलं असतं तर त्याच दिवशी आबांच्या हातातली काठी मुलाकडे गेली असती. मी कुणाला काही बोललो नाही.

पुढच्या बाजाराला ते आले. पाटीतली एक चिलीम उचलली, कानाशी धरली, टिचकी मारली. भद्द असा आवाज झाला. भाजताना केसाएवढी चीर गेलेली एक चिलीम माझ्या नजरेतून सुटून पाटीत आली होती.

आबांनी डोळे उघडले आणि चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही बोलली."

त्यांना माझे उपकार फेडायचे होते की काय, मला माहीत नाही. लोक वळले. दोघांनी माझ्या पाटीत हात घातले. दोरखंडवाल्याने मात्र तो आवाज ऐकला होता आणि त्याचं तोंड उघडलं होतं. त्याच्या आधी मी घाईने म्हणालो, "आबा, ती नगं. ती दुसऱ्यासाठी ठेवलीया."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला खोटं बोलता येतं, पण चेहऱ्याला येत नाही. त्यांनी चिलीम हळूहळू फिरवली, अंगठा तिच्या अंगावरून नेला. चिरेपाशी अंगठा थांबला.

"व्हय," एवढंच म्हणाले. चिलीम पाटीत ठेवली आणि बाजार न करताच निघून गेले. त्यानंतर ते कधी खाली उतरले नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा माझ्यापुढे येऊन बसला. "बा घरीच असतो. मेंढरं आता माज्याकडं हायेत. ऐकू येत न्हाई म्हून त्यानंच सांगितलं. आमाला कुनालाच ठावं नव्हतं." मग जरा थांबून म्हणाला, "तुमाला निरोप हाय. कुंभाराची चार वर्सं म्या खाल्ली, राग धरू नगं म्हनावं."

मला तिथेच रडू आलं. दिवाळी झाल्यावर मी डोंगर चढून गेलो. आबा वस्तीबाहेर दगडावर बसले होते. अंगाने निम्मे झाले होते. मला पाहून त्यांनी घोंगडी सरकवून जागा केली. येताना वाटभर जुळवलेलं वाक्य मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आबा, तुमी माजी वर्सं खाल्ली न्हाईत. ह्यो हात तुमीच घडवला."

त्यांनी मान डोलावली. "व्हय, व्हय," म्हणाले, "यंदा गवत बरं हाय."

मी पुन्हा ओरडलो, पण त्यांची नजर आता माझ्या तोंडाकडे नव्हती. कुत्रं उठून उभं राहिलं. आबा समोरच्या उताराकडे हात करून कुठल्या अंगाला किती गवत आहे ते मला सांगत राहिले.

मग मीही उताराकडे पाहिलं आणि म्हणालो, "लई बरं हाय, आबा."